केसपेपर कुणाच्या नावाचा

क्लचमामा हे नाव आता सख्ख्या भाचरांपुरतं राहिलं नव्हतं. त्याच्याकडे गाडी शिकून गेलेली शेकडो माणसं, त्यांचे आईबाप, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, सगळे त्याला त्याच नावाने ओळखायचे. एकवीस वर्षं तो लोकांना गाडी शिकवत होता आणि दिवसातून शंभरदा त्याच्या तोंडून "आधी क्लच" एवढंच निघायचं, म्हणून हे नाव. गाडी लहानशी, पांढरी, छपरावर शिकाऊ अशी पाटी, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी मास्तरसाठी जादा ब्रेक. बोलण्यात मामाचा हात धरणारा कुणी नव्हता. घाबरून ताठ झालेल्या माणसाला हसवून सैल करायचं आणि मग हळूच दुसरा गिअर टाकायला लावायचा, हे त्याचं तंत्र. पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांवर ते चाललं होतं.

भाची एकोणीस वर्षांची. रांगत होती तेव्हापासून घरभर काहीतरी ओढत न्यायची, कधी उशी, कधी पातेलं, कधी वडिलांचा बूट, त्यामुळे तिला मुंगी नाव पडलं ते पडलंच. वडील जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, रक्त तपासायच्या लॅबमध्ये तेवीस वर्षं काम करत होती. घरात दोघीच. मामा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि दिवसाआड चहाला टपकायचा.

मुंगीने स्वतःहून फोन करून "मामा, मला गाडी शिकव" म्हटलं तेव्हा त्याची छाती फुगली. कॉलेजला बस दारातून जात असताना पोरीला गाडी कशाला हवी, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी सकाळची अकराची वेळ तिच्यासाठी राखून ठेवली.

नवव्या दिवशी ते उड्डाणपुलाच्या चढाला लागले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये छान चालली होती आणि मामा तिला परीक्षेच्या दिवशी इंडिकेटरऐवजी वायपर लावून साहेबांना "वळतोय हं" म्हणणाऱ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होता. मुंगी हसली नाही. मामाने मान वळवून पाहिलं, तर तिचे ओठ पांढरे पडले होते आणि स्टिअरिंगवरची बोटं आखडून वाकडी झाली होती.

"मामा, मला उतरायचंय," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

पुलाच्या मधोमध उतरणार कुठे? मामाने आपल्या पायाशी असलेला ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, चारी दिवे लुकलुकत ठेवले. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. मुंगीने छातीवर हात धरला होता. श्वास आत जातच नाही, हात बधिर झालेत, मी मरतेय, असं ती तुटक तुटक सांगत होती.  मामाने तिला कशीबशी शेजारच्या सीटवर सरकवलं, स्वतः चाकामागे बसला आणि सुटला. कुठल्या रस्त्याने गेला ते त्याला नंतर आठवलं नाही. सिग्नल तोडला एवढं आठवलं, कारण एकवीस वर्षांत तो पहिल्यांदाच तोडला होता.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात त्यांनी ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला, बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला. तासाभराने ड्युटीवरची तरुण डॉक्टर पडद्याआड आली. हृदय उत्तम आहे, फुफ्फुसं उत्तम आहेत, असं तिने सांगितलं. हा पॅनिक अटॅक होता. हा खरा त्रास असतो, नाटक नसतं, आणि यावर उपचार आहेत. दुसऱ्या मजल्यावर मानसोपचार विभाग आहे, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी, तिथे जरूर दाखवा. तिने एक चिठ्ठी लिहून मुंगीच्या हातात दिली.

मामाने त्यातलं "हृदय उत्तम आहे" एवढंच ऐकलं. त्याच्या जीवात जीव आला. खाली येऊन त्याने ज्यूसचे दोन मोठे ग्लास घेतले, वाटेत भेटलेल्या वॉचमनलासुद्धा उगाच नमस्कार केला, आणि गाडीत बसता बसता म्हणाला, "बघ, काही नाही झालेलं. उगाच घाबरलो आपण."

मुंगीने ग्लासला तोंडही लावलं नव्हतं.

"काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मामा पुढचा विनोद तयार करत होता, तो तिथेच राहिला. त्याने गाडी सुरू केली. शिकवताना त्याला एक गोष्ट कळली होती, की माणसाकडे रोखून पाहिलं की त्याचं बोलणं अडतं आणि नजर रस्त्यावर ठेवली की ते आपोआप येतं. त्याने नजर रस्त्यावर ठेवली आणि घराचं वळण आलं तरी वळला नाही.

मग मुंगी बोलू लागली. हे आठ महिने चाललं होतं. पहिल्यांदा वर्गात झालं, मग बसमध्ये. दार बंद झालं आणि बस पुलावर चढली की छातीत घण पडायचे. तिने बस सोडली. मग वर्गात मागच्या बाकावर दाराजवळ बसायला लागली, मग वर्गही सोडला. गेला महिनाभर ती रोज दप्तर घेऊन चालत निघायची आणि कॉलेजजवळच्या वाचनालयात, जिथून कधीही उठून बाहेर पडता येतं अशा खुर्चीवर, दिवसभर बसून घरी यायची. गाडी शिकायची होती ती यासाठीच. स्वतःच्या हातात गाडी असली की कुठेही थांबवून उतरता येईल, असं तिला वाटलं होतं.

मामाला दिवसाआड प्यायलेले ते सगळे चहा आठवले. समोर बसून ही पोरगी त्याच्या थापांवर हसत होती.

त्याच्या मनात एक प्रश्न आला. असं काही विचारायचं नसतं, विचारलं तर नको ते डोक्यात शिरतं, असं तो ऐकत आला होता. पण न विचारता तिला घरी सोडून आपण आज जेवू शकणार नाही, हेही त्याला कळत होतं. त्याने एका बंद दुकानासमोर गाडी लावली.

"मुंगे, सरळ विचारतो. जीव द्यावासा वाटतो का तुला?"

तिने सीटबेल्टचा पट्टा बोटाला गुंडाळला, मग सोडला. 

"नाही," ती म्हणाली. "जीव द्यावासा नाही वाटत. पण सकाळी उठूच नये असं पुष्कळदा वाटतं. हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं." आणि मग ती रडली, आठ महिन्यांचं एकदम. मामाने गाडी पुसायचं फडकं पुढे केलं, कारण रुमाल सापडेना, आणि त्या फडक्याला पॉलिशचा वास येतो म्हणून ती रडता रडता वैतागली. ते वैतागणं ऐकून त्याला बरं वाटलं. तसं कधी वाटलं तर दिवस असो, रात्र असो, आधी मला फोन करायचा, एवढं त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं. मंगळवारी दुसऱ्या मजल्यावर जायचं हेही ठरलं. आईला मात्र इतक्यात सांगायचं नाही, अशी तिची अट होती. मामाला ती पटली नाही, पण त्याने मान डोलावली.

मंगळवारी ते वेळेच्या आधीच पोचले. दुसऱ्या मजल्यावरचा लांब व्हरांडा, भिंतीला लावलेली बाकं, एका टोकाला खिडकी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत विभागाचं नाव. मुंगी पाटी वाचत होती ती वाचतच राहिली. मामा तिला घेऊन खिडकीशी गेला, आणि आतला कारकून एकदम उठून उभा राहिला.

"अहो मास्तर! तुम्ही इकडे कुठे?"

तो मामाचा जुना विद्यार्थी निघाला. तीनदा नापास होऊन चौथ्यांदा मामाने त्याला लायसन्स मिळवून दिलं होतं. त्याचा आवाज पहिल्यापासूनच खणखणीत. बाकांवरची पंधरा-वीस डोकी वळली. मुंगी मामाच्या पाठीमागे सरकली, आणि तिची बोटं आपल्या शर्टात रुतल्याचं मामाला जाणवलं.

त्याने विचार केला नाही. "माझ्यासाठीच आलोय," तो हसत म्हणाला. "तुमच्यासारख्यांना शिकवून डोकं ठिकाणावर राहतं होय? ही आपली सोबत आलीय."

बाकांवर हशा पिकला. कारकूनही हसला आणि मामाचं नाव, वय, पत्ता लिहून त्याने केसपेपर पुढे सरकवला. मामा तो घेऊन वळला, झकास वेळ मारून नेली या आनंदात, तर मुंगी जिन्याकडे चालू लागली होती.

तो तिच्यामागे खालपर्यंत गेला. पार्किंगच्या कडेला सिमेंटच्या कठड्यावर ती बसली. रडत नव्हती. त्याच्या हातातला कागद घेऊन तिने त्यावरचं नाव वाचलं.

"माझा पाय मोडला असता तर तू खिडकीवर माझा पाय मोडलाय म्हणून सांगितलं असतंस?"

मामा तिच्या शेजारी कठड्यावर टेकला.

"तू मला वाचवायला बोललास, माहितेय मला. पण तूसुद्धा लपवलंस म्हणजे हे लपवण्यासारखंच आहे ना."

एकवीस वर्षांत मामाला कुणी असं जागच्या जागी थांबवलं नव्हतं. आपण लोकांना हसवतो ते त्यांची भीती जावी म्हणून, की आपल्याला ती पाहवत नाही म्हणून, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला तो आवडला नाही. "चुकलं माझं," तो म्हणाला. पुढे काहीतरी जोडावं अशी जीभ वळवळत होती, पण त्याने ती आवरली. मग एवढंच विचारलं, "मी काय करू, तू सांग."

मुंगीने नखाने सिमेंट खरवडत विचार केला. गुरुवारी परत येऊ, ती म्हणाली. खिडकीवर मी बोलेन. तू बाकावर बसायचं आणि कुणाला हसवायचं नाही. आणि आईला सांगायचं. तेही मीच सांगेन, तू नुसता बस.

संध्याकाळी ताई, म्हणजे मुंगीची आई, लॅबमधून आली, हातपाय धुऊन टेबलाशी बसली, तेव्हा मामा ठरल्याप्रमाणे नुसता बसला होता. मुंगीने सांगितलं. आधी अडखळत, मग सलग. ताई कागदपत्रांवर विश्वास ठेवणारी बाई. तिच्या कामात प्रत्येक दुखण्याला आकडा असतो आणि त्या आकड्याशेजारी तो किती असायला हवा ते छापलेलं असतं. तिने मध्ये एकदाच तोंड उघडलं, ईसीजी पाहू म्हणाली. तो नीट पाहून तिने घडी घातली. मग म्हणाली की लोह कमी असेल, जीवनसत्त्वं कमी असतील, थायरॉईडही बघायला हवं. झोप धड नाही, फोन हातातून सुटत नाही, मग दुसरं काय होणार. या वयात अंगावर औषधांचा शिक्का कशाला मारून घ्यायचा?

 मुंगी म्हणाली, "रक्त काढ, आई. सगळं तपास. पण गुरुवारी मी जाणार आहे."

बुधवारी सकाळी ताईने स्वतःच्या हाताने लेकीचं रक्त काढलं आणि दुपारी मामाला फोन करून लॅबवर बोलावलं. तो गेला तेव्हा ती मागच्या खोलीत स्टुलावर बसली होती. पुढ्यात रिपोर्ट होता. सगळे आकडे जिथे असायला हवेत तिथेच होते. त्या दिवशी हॉस्पिटलात आपल्याला झाला तसा आनंद हिलाही झाला असेल असं मामाला वाटलं, पण ताईच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"यात काही नाही," ती म्हणाली. "म्हणजे ते यात दिसत नाही. एवढंच." थोड्या वेळाने ती म्हणाली की रोज सकाळी न्हाणीघरातला नळ अर्धा अर्धा तास चालू असायचा. पाणी वाया घालवते म्हणून मी ओरडायचे. आत ती श्वास मोजत उभी असायची. मी बाहेरून दार वाजवायचे.

मामाने स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला. लॅबमधली दोन यंत्रं घरघरत होती. "मी तर समोर बसून चहा प्यायचो," तो म्हणाला. त्यावर ताईला हसू आलं, म्हणजे हसू म्हणता येईल असं काहीतरी, आणि तिने डोळे टिपले.

गुरुवारी तिघं गेले. ताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. खिडकीवर तोच कारकून होता, पण या वेळी मुंगी एकटीच पुढे गेली. मामा दहा पावलं मागे, बाकावर, तोंडाला कुलूप लावून बसला.

"केसपेपर काढायचाय," मुंगी म्हणाली. आवाज बाकापर्यंत ऐकू आला. "माझ्यासाठी."

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मामाकडे. या माणसाला लगेच सगळं समजलं असावं, कारण त्याने आपला खणखणीत आवाज एकदम खाली आणला. नाव, वय, पत्ता विचारला, लिहून घेतलं, तीन नंबरची खोली, बसा, वेळ लागेल, म्हणाला. मग मामाला खुणेने विचारलं की तो परवाचा कागद रद्द करू का. मामाने मान हलवून हो म्हटलं.

वेळ लागलाच. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ शब्दकोडं सोडवत होते, एक बाई विणत होती, एक कॉलेजचा मुलगा आईच्या खांद्यावर झोपला होता. मुंगी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मामाच्या कानाशी येऊन म्हणाली, "सगळे साधेच दिसतायत." मामाला यावर निदान चार गोष्टी सुचल्या. तो फक्त "हो" म्हणाला.

तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ताई उठली, पण मुंगीने एकटीच जाते म्हणून सांगितलं. दार लागलं. पंचेचाळीस मिनिटं. ताई पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली. मामाने व्हरांड्यातल्या फरशा मोजल्या, उभ्या आणि आडव्या. मध्ये एकदा आतून हसण्याचा आवाज आला आणि दोघंही एकदम ताठ झाले. तो मुंगीचा होता. आठ महिन्यांत ती त्याच्या थापांवर हसत होती तसा नव्हता. लहानपणी पातेलं ओढताना हसायची तसा होता.

मग डॉक्टरीण बाईंनी दार उघडलं आणि मुंगीला विचारून दोघांना आत घेतलं. पन्नाशीच्या बाई, केस आखूड, टेबलावर पाण्याचा जग आणि कागदी रुमालांचा डबा. त्यांनी सांगितलं की हा त्रास ओळखीचा आहे, खूप जणांना होतो आणि बहुतेकांना उपचारांनी चांगला आराम पडतो. दर आठवड्याला समुपदेशकांबरोबर बसायचं, श्वासाचे आणि भीतीला थोडं थोडं सामोरं जायचे सराव करायचे. महिनाभराने पाहू, औषधाची गरज वाटली तर तेव्हा देऊ, त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. कॉलेजसाठी त्या पत्र देणार होत्या. ताईने विचारलं की फरक पडतोय हे कळणार कसं, मोजायचं कशात?

बाई म्हणाल्या, "तिला विचारायचं. आणि ती सांगेल ते खरं धरायचं."

ताईने मान हलवली. पर्समधून वही काढून तिने ते लिहूनही घेतलं, हे मामाने पाहिलं.

बाहेर आल्यावर जिन्यात मुंगी मध्येच थांबली. मामा दोन पायऱ्या परत वर चढला. पण तिला फक्त बोलायचं होतं. "मी सांगायच्या आधी त्या सांगत होत्या, मामा. हात बधिर होतात का, दाराजवळची जागा शोधतेस का, सगळं. याला नाव आहे. मला वाटत होतं हे फक्त माझ्यातच आहे." आणि मग लगेच, त्याच दमात, "मला कडकडून भूक लागलीय."

समोरच्या खानावळीत ती दोन माणसांचं जेवली. ताई समोर बसून नुसती पाहत होती, स्वतःचं ताट थंड झालं तरी. घरी जाताना मुंगी मागच्या सीटवर झोपली ती दारात गाडी थांबली तरी उठेना. तिला उठवायचं कुणाच्याच जिवावर आलं. ताई म्हणाली, असू दे, आणि ती तशीच पुढच्या सीटवर बसून राहिली. मामाची तीन वाजताची शिकवणी होती. त्याने फोन करून सांगितलं की आज गाडीत जागा नाही.

पुढचे आठवडे काही सरळ गेले नाहीत. तिसऱ्या बैठकीनंतर मुंगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. एकदा वर्गातून पुन्हा पळून आली. पण पळून आली ते घरी, आणि आईला तसं सांगून. ताईने दार वाजवणं सोडलं. नळ चालू असला की ती बाहेरून एवढंच म्हणायची, "मी स्वयंपाकघरात आहे हं." वडिलांशी जहाजावर फोन जोडून मुंगीने त्यांनाही सांगितलं. त्यानंतर ते दर रविवारी न चुकता फोन करायला लागले.

दर गुरुवारी मामा तिला न्यायचा आणि बाकावर बसायचा. शब्दकोडंवाल्या गृहस्थांशी त्याची ओळख झाली. मुंगीच्या परवानगीने तो त्यांना एखादी गोष्ट सांगायचा, हळू आवाजात.

सातव्या गुरुवारी सकाळी तो आंघोळ करून, किल्ली हातात घेऊन निघाला, तर फोनवर तिचा निरोप होता. "आज तू येऊ नकोस. बसने जाते. पोचले की कळवते."

मामा दारातच उभा राहिला. त्याला आधी थोडं लागलं, खोटं कशाला बोला. मग तो खुर्चीत बसला आणि फोन मांडीवर ठेवून घड्याळाकडे पाहत राहिला. वीस मिनिटं. पंचवीस. ताईचा फोन आला, तुला काही कळलं का म्हणून. नाही कळलं. दोघांनी एकमेकांना धीर धरायला सांगितलं. एकतिसाव्या मिनिटाला निरोप आला.

"पोचले. मध्ये एकदा उतरले होते. मग पुढच्या बसमध्ये बसले."

त्याने तो ताईला फोनवर वाचून दाखवला, तिच्या सांगण्यावरून पुन्हा वाचला. मग किल्ली खिळ्याला अडकवली, चपला काढल्या, आणि भर सकाळी साडेदहा वाजता पलंगावर आडवा झाला. त्याला इतकी गाढ झोप लागली की दुपारी एकची विद्यार्थीण दार ठोठावून ठोठावून शेवटी परत गेली.